वाचकांचे प्रश्न : ‘हे बरोबर नाही’ म्हटल्यानंतर पुढे काय?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : पहिली ते पाचवीच्या मुलांनी स्वतः चालवलेल्या प्रकल्पांतून सामाजिक न्याय कसा शिकवायचा. वाचकांची नावं वगळून आणि लांबलेले प्रश्न थोडे आखडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. दरवर्षी समतेवर एखादा विषय मी देते. मुलं पोस्टर रंगवतात, घोषवाक्यं म्हणून दाखवतात. याला मुलांनी चालवलेला प्रकल्प म्हणता येईल का? आणि आठ वर्षांच्या मुलांना झेपेल असा विषय शोधायचा कुठून?

उत्तर : नाही म्हणता येणार. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत : मुलांना पुढे करून आपलं म्हणणं रेटणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलायला लावणं. विषय तुमचा, घोषणा तुमच्या आणि रंगाने माखलेले हात तेवढे मुलांचे, ही दुसरी पायरी झाली. प्राथमिक वर्गासाठी आम्हाला सहावी पायरी योग्य वाटते. तिथे सुरुवात मोठ्यांनी केलेली असते, पण निर्णय मुलांच्या बरोबरीने होतात. प्रत्येक वेळी सर्वांत वरची पायरी गाठायलाच हवी, असा हार्ट यांचाही आग्रह नाही. प्रकल्प संपल्यावर स्वतःला एकच विचारा : मुलांमुळे माझा कोणता बेत बदलला? एकही आठवत नसेल, तर प्रकल्प तुमचाच होता.

विषय मुलांकडे असतातच. वर्गात दोन आठवडे एक खोका ठेवा, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. प्रत्येक चिठ्ठीवर आधीच छापलेलं असावं : ‘हे मला बरोबर वाटत नाही ..., कारण ...’. यातला ‘कारण’ वगळू नका. तो नसला की ‘अमका मला चिडवतो’ अशा चिठ्ठ्यांनी खोका भरतो. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नको आणि दुसऱ्या कुणाचंही नको. रोज शाळा सुटल्यावर चिठ्ठ्या तुम्ही एकट्याने वाचा. का, ते पुढे एका उत्तरात येईल.

मग उरलेल्या चिठ्ठ्या मुलांना तीन प्रश्नांच्या चाळणीतून काढू द्या. हे आपल्याला आपल्या डोळ्यांनी पाहता येईल का? मोजता येईल का? ते बदलू शकणारी व्यक्ती आपल्याला भेटेल का? ‘जगातली गरिबी’ या चाळणीत अडकते. ‘पाण्याच्या नळावर मोठी मुलं रांग मोडतात’ पार होते. असा विषय किरकोळ समजू नका. नियम कुणी केला, तो कुणाला सोयीचा आहे, कुणाची पाळी हुकते आणि ती हुकल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही, हे सगळं त्या नळापाशी असतंच.

शेवटी उरलेल्या पाच-सहा विषयांवर मतदान घ्या. प्रत्येक मुलाला तीन ठिपके, ते त्याने एकट्याने जाऊन लावायचे. हात वर करून मत घेतलं की मुलं विषयाकडे न पाहता मित्राच्या हाताकडे पाहतात.

आणखी एक, आणि हे खोका मांडायच्या आधी करा. मुख्याध्यापकांशी बसून या वर्षी काय बदलू शकतं आणि काय नाही, ते लिहून घ्या. मैदानाच्या पाळ्या, बसण्याची रचना, वाचनालयाची खरेदी हे बहुधा बदलू शकतं. नवी इमारत नाही. ही बैठक टाळली, तर मुलं सहा आठवडे बंद दाराशी राबतात.

प्रश्न : एक पूर्ण प्रकल्प कसा उभा करायचा, ते तासांच्या हिशोबासह सांगाल का? आमच्याकडे उत्साह भरपूर असतो, पण तिसऱ्या आठवड्यात सगळं विस्कटतं.

उत्तर : तिसऱ्या आठवड्यात विस्कटतं, कारण पहिल्या आठवड्यात प्रश्न नेमका झालेला नसतो. आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास धरले, तर सहा आठवड्यांत १२ तास मिळतात. त्यांतले दोन प्रश्न घडवायला, तीन मोजणीच्या तयारीला आणि सरावाला, दोन आकडे मांडायला, दोन मुलाखतींना, दोन पत्राला आणि एक प्रत्यक्ष भेटीला द्या. यापेक्षा फार लांबलं की मुलं कंटाळतात.

समजा, मुलांनी निवडलं : ‘मैदान नेहमी मोठ्यांचंच असतं.’ ही झाली तक्रार. तिचा मोजता येण्याजोगा प्रश्न असा : मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोणत्या भागात पहिली-दुसरीची किती आणि तिसरी ते पाचवीची किती मुलं असतात? मैदानाचा नकाशा पावलांनी मोजून मोठ्या कागदावर काढायचा आणि त्याच्या सहा चौकटी पाडायच्या. सुट्टी ३० मिनिटांची असेल, तर ५, १०, १५, २० आणि २५ व्या मिनिटाला शिट्टी वाजवायची. शिट्टी झाली की चौकटीत त्या क्षणी जेवढी मुलं आहेत तेवढीच मोजायची, डावीकडून उजवीकडे. नंतर आत येणारी मोजायची नाहीत. एका चौकटीवर दोघं. दोघांनी एकमेकांकडे न पाहता मोजायचं आणि आकडे जुळले नाहीत तर लगेच पुन्हा मोजायचं. म्हणजे रोज १२ मुलं लागतात. वर्ग ३६ चा असेल, तर तीन दिवसांत प्रत्येकाची एकदा पाळी येते आणि कुणाचीही एकापेक्षा जास्त सुट्टी जात नाही. त्या बुडालेल्या सुट्टीची भरपाई त्याच दिवशी दहा मिनिटं खेळायला देऊन करा. न्यायावर काम करताना मुलांचा खेळ फुकट घेऊ नये. एक दिवस सरावाची मोजणी करून तो कागद बाजूला ठेवा.

नेहमीच्या चुका दोन. पहिली, एकाच दिवशी मोजणं. कुणी पाहतंय हे कळलं की मोठी मुलं पहिल्या दिवशी शहाण्यासारखी वागतात, म्हणून तीन दिवस हवेत. दुसरी चूक अधिक घातक आहे : नुसत्या संख्येवरून निष्कर्ष काढणं. समजा, पहिली-दुसरीची मुलं ८० आणि तिसरी ते पाचवीची १२०. हे प्रमाण २ : ३ झालं. मग मैदानाच्या मधल्या दोन चौकटींत ५० मुलं असतील, तर सारखी संधी असताना त्यांत साधारण २० लहान आणि ३० मोठी दिसायला हवीत. मोजणीत ५ आणि ४५ निघाली, तर आता बोलण्यासारखं काही हाती लागलं. मोठी मुलं मुळात संख्येनेच जास्त आहेत, हे कुणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर आधी तयार असलं पाहिजे, आणि ते मुलांनी स्वतः मांडलेल्या स्तंभालेखातून आलेलं असावं.

एवढ्यावर थांबू नका. लहान मुलांना मधोमध खेळायचं आहे का, हे त्यांना विचारलं का? मोठ्यांना विचारलं का? मुलाखतीशिवायचा प्रकल्प म्हणजे दुसऱ्याच्या वतीने परस्पर ठरवणं. मुलाखतीत प्रश्न तीनच ठेवा आणि ‘तुम्हाला मोठी मुलं त्रास देतात ना?’ असले उत्तर तोंडात घालणारे प्रश्न सरावात काढून टाका.

उपाय सुचवताना मुलं पहिल्या झटक्यात ‘मोठ्यांना बंदी’ म्हणतात. प्रत्येक उपायाला एक प्रश्न लावायचा : यात नव्याने कुणाचं नुकसान होतं? मग पत्र. चांगलं पत्र साधारण असं उतरतं :

‘आम्ही तीन दिवस मधल्या सुट्टीत १५ वेळा मोजलं. मधल्या दोन चौकटींत दर वेळी साधारण ५ लहान आणि ४५ मोठी मुलं होती. आम्ही १८ लहान मुलांना विचारलं. ११ जणांना तिथे खेळायचं आहे, ७ जणांना नाही. मंगळवारी आणि गुरुवारी या चौकटी पहिली-दुसरीसाठी ठेवून दोन आठवडे पाहू या का?’

ते ‘७ जणांना नाही’ खोडू देऊ नका. आपल्या म्हणण्याला अडचणीचा आकडाही प्रामाणिकपणे लिहायचा, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. शुद्धलेखन सुधारा, वाक्यं मात्र त्यांचीच राहू द्या.

प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांना धड लिहिता येत नाही. त्यांनी काय करायचं?

उत्तर : वर्गातल्या गोष्टीच्या पुस्तकांची पाहणी. ३० चित्रपुस्तकं घ्या, दोघांना मिळून दोन. प्रत्येक पुस्तकात मुख्य पात्र कोण, ते काय करतं, यावर एक रंगीत टिकली लावायची : मुलगी, मुलगा, प्राणी, आजी-आजोबांच्या वयाचं माणूस. टिकल्या मोठ्या कागदावर रांगेत चिकटवल्या की चित्रालेख आपोआप तयार होतो. मग दुसरी फेरी : कोण धाडस करतं आणि कोण नुसतं पाहत उभं असतं? चष्म्याचं, कुबडीचं, चाकाच्या खुर्चीतलं कुणी आहे का, आणि असलं तर गोष्ट त्याच्या खुर्चीचीच आहे की त्याने शोधलेल्या खजिन्याची? मुलांसाठी पुस्तक कधी आरसा असतं तर कधी खिडकी, असं रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलं होतं. सहा वर्षांच्या मुलांना ‘यात तुझ्यासारखं कोण दिसलं?’ एवढं विचारलं तरी ते कळतं. पुढची मागणी सोपी : पुढची पाच पुस्तकं निवडताना आम्हाला विचारा. मतदान बरण्यांत खडे टाकून घ्यावं.

एक जपा. पात्राचा रंग किंवा जात-धर्म ओळखून टिकली लावायचा खेळ या वयात करू नका. मुलं तीच टिकली शेजारच्याला लावून पाहतात.

प्रश्न : गटात चारच मुलं बोलतात, बाकीची मान डोलावतात. न्यायाच्या प्रकल्पातच असं व्हावं याचं वाईट वाटतं.

उत्तर : वाईट वाटणं रास्त आहे, पण याचा काही भाग आपल्याच हातात असतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात, असं मेरी बड रो यांच्या निरीक्षणांतून दिसलं होतं. तीन सेकंद मनात मोजून पाहा, बरेच लांब वाटतात. थांबा.

चर्चेच्या आधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं किंवा चित्र काढायचं. मग प्रत्येकाकडे तीन बटणं, बोललं की एक मधे ठेवायचं. संपली की इतरांची संपेपर्यंत ऐकायचं. लिहिण्याचं ते मिनिट वगळलं, तर मुलं ‘हो, बरोबर’ म्हणून बटणं उडवून मोकळी होतात. गट चौघांचा ठेवा, पाचवं मूल हमखास बाहेर पडतं. लिहिणारा, मोजणारा, विचारणारा आणि वेळ पाहणारा ही कामं दर आठवड्याला फिरवा आणि कोणी काय केलं याचा तक्ता भिंतीवर लावा. तो नसला तर सुवाच्य अक्षर असलेली मुलगी सहाही आठवडे लिहीतच राहते आणि निर्णय बोलणारे घेतात. चौथ्या आठवड्यात तो तक्ता मुलांनाच वाचायला सांगा.

प्रकल्पाचं सामान घरून मागवू नका. कुणाचा कागद चकचकीत आणि कुणाचा वहीतून फाडलेला, हे सगळ्या वर्गाला दिसतं.

प्रश्न : खोक्यात एक चिठ्ठी आली, ‘घरी मला मारतात, हे बरोबर नाही’. यावर वर्गात बोलावं का?

उत्तर : नाही. ही चिठ्ठी प्रकल्पात घ्यायची नाही आणि चाळणीतही टाकायची नाही. शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे ती त्याच दिवशी द्या. मूल कोण ते कळलं आणि ते तुमच्याशी बोललं, तर ऐकून घ्या, ‘सांगितलंस ते चांगलं केलंस’ म्हणा, खोदून प्रश्न विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका, ते पाळता येणार नाही आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटेल. चिठ्ठ्या आधी एकट्याने वाचायच्या त्या याचसाठी. खोका पुरेसा सुरक्षित वाटला म्हणून ती चिठ्ठी आली, हेही ध्यानात असू द्या.

याच कारणाने एक नियम सरसकट पाळा : मुलं मोजायची नाहीत, व्यवस्था मोजायची. ‘कुणाच्या घरी काय नाही’ याची पाहणी करू नका. ‘वर्गात काय कुणाच्या हाताला पोचत नाही’ याची करा. आणि ज्या मुलावर अन्याय होतो असं वाटतं, त्यालाच उदाहरण म्हणून उभं करू नका.

प्रश्न : अपंगत्व समजावं म्हणून मुलांचे डोळे बांधून किंवा त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून शाळेत फिरवावं का? परिणाम लगेच होतो असं ऐकलंय.

उत्तर : परिणाम होतो, पण नको तो. डोळे बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत अंधाराची भीती कळते. वर्षानुवर्षं सफाईने वावरणाऱ्या अंध व्यक्तीचं कौशल्य त्यात कुठेच दिसत नाही. मूल ‘बिच्चारे’ म्हणत परत येतं, आणि बिच्चारे म्हटलं की हक्काचा प्रश्न दयेचा होऊन बसतो.

भेदभावाचा प्रयोग करून दाखवायचा मोहही अनेकांना होतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, १९६८ साली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन इलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वरचढ आणि कमी प्रतीचं ठरवलं. काही तासांत मुलं एकमेकांशी तुच्छतेने वागू लागली. त्या प्रयोगाची जगभर चर्चा झाली, तितकीच त्यावर टीकाही झाली, कारण लहान मुलांना न विचारता अपमानात ढकललं होतं. तो वर्गात करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

त्याऐवजी हातात मोजपट्टी द्या. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला अनेक देशांच्या मानकांत १:१२ ही मर्यादा आहे, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. दाराशी १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल, तर किमान १८० सेंटिमीटरचा उतार हवा. तीन पायऱ्या असतील तर ५४०. मुलांनी शाळेतली प्रत्येक पायरी मोजायची, बाराने गुणायचं आणि तेवढी दोरी जमिनीवर पसरायची. दोरी भिंतीला धडकली की प्रश्न डोळ्यांसमोर येतो. दाराची रुंदी मोजताना दार उघडून मधली मोकळी जागा मोजायची, चौकट नव्हे. मुलं हमखास चौकट मोजतात आणि उत्तर काही सेंटिमीटरने फसतं. जमलं तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलवा, त्यांचे अश्रू-कष्ट सांगायला नव्हे, मुलांचा नकाशा तपासायला.

प्रश्न : मी पालक आहे. मुलगा चौथीत आहे. या प्रकल्पांच्या नावाखाली शिक्षकांची मतं मुलांच्या डोक्यात भरली जात नाहीत ना?

उत्तर : ही शंका प्रत्येक शाळेने ऐकून घ्यायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता यावं आणि वय व समज पाहून त्याला महत्त्व दिलं जावं. तिथे मुलाच्या मताचा हक्क आहे, शिक्षकाच्या मताचा नाही.

पारखायचं असेल तर शाळेला चार गोष्टी विचारा. विषय कुणी निवडला? मुलांनी काय मोजलं? वेगळं मत असलेल्या कुणाची मुलाखत घेतली का? शेवटी न पटलेल्या मुलाला सही न करण्याची मुभा होती का? शिक्षकांनीही सुरुवातीलाच घरी अर्ध्या पानाचं पत्र पाठवावं : विषय, मोजणीची पद्धत, मागणी कुणाकडे जाणार. पालकांना प्रकल्प शेवटच्या दिवशी कळला की चांगल्या कामावरही संशय येतो.

प्रश्न : गुण कसे द्यायचे?

उत्तर : मताला नाही आणि यशाला तर नाहीच. मोजणीचा कागद, मुलाखतीची टिपणं आणि पत्राचा पहिला व शेवटचा मसुदा, एवढंच तपासा. पुरावा हाती आल्यावर मुलाने स्वतःचं म्हणणं बदललं असेल, तर ते आवर्जून नोंदवा.

प्रश्न : मुलांनी सगळं नीट केलं, तरी मुख्याध्यापकांनी ‘नाही’ म्हटलं. मुलं हिरमुसली. आता त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी छोटं मान्य करून घेऊ का?

उत्तर : गुपचूप घडवून आणलेला विजय नको. मुलांना तो ओळखता येतो. आधी ‘नाही’ कोणत्या जातीचं आहे ते मुलांनाच शोधू द्या. पैसे नाहीत, अधिकार नाही, की पटलं नाही? मुख्याध्यापकांना दोन ओळींत कारण लिहून द्यायला सांगा. मुलांनी लेखी मागितलंय, तर उत्तरही लेखीच यायला हवं. पैशाचं कारण असेल, तर कमी खर्चाचा पर्याय किंवा पुढच्या वर्षासाठी मागणी. अधिकार नसेल, तर तो कुणाकडे आहे ते शोधून तेच पत्र तिकडे. पटलं नसेल, तर कोणता मुद्दा पटला नाही आणि त्यासाठी आणखी काय मोजावं लागेल?

हिरमुसलेपणाला एक पूर्ण तास द्या. तो घाईने पुसू नका. मागणी मान्य झाली तरी काम तिथे संपत नाही. मैदानाच्या पाळ्या सुरू झाल्या की दोन आठवड्यांनी तीच मोजणी, त्याच सहा चौकटींत, त्याच पाच शिट्ट्यांनी पुन्हा करायची. नियम फळ्यावर असतो आणि चौकटींत अजूनही ५ आणि ४५ असतात, असं पुष्कळदा दिसतं. त्या दुसऱ्या मोजणीची तारीख पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या दिनदर्शिकेवर मुलांकडून लिहून घ्या.